टाकी कापडाची, जबाबदारी गावाची

टँकरवर उन्हाळा काढणे खेड तालुक्यातल्या डोंगरी वाड्यांना नवे नाही. ते पाणी साठवायला प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाची टाकी सोयीची. पण गळती बहुधा व्हॉल्व्हपाशीच सुरू होते. म्हणून व्हॉल्व्हखाली विटांचा टेकू द्या, पाइपाचा भार कापडावर नको. आठवड्याला कॉक फिरवा, झिजलेला वायसर बदला. भोक पडलेच तर निमुळती लाकडी खुंटी पिळून बसवा, ठोकू नका. टाकी रिकामी होताच कापड पुसून, वाळवून गोल ठिगळ चिकटवा. चाकण पट्ट्यातल्या भंगारात रसायनाची टाकी स्वस्तात मिळाली, तरी पिण्याच्या पाण्याला ती नकोच! ग्रामपंचायतीने खुंटी, वायसर, ठिगळ टाकीजवळच ठेवावे. सांडलेले पाणी धावाधाव करून परत येत नसते.