दे वं माय!

खानदेशी माणसाचा पहिला परदेश म्हणजे सुरत. तिथल्या कापडाच्या मागांनी धुळे-जळगावचे किती संसार ओढून नेले! जळगावहून सुरतेला जाणाऱ्या ताप्ती मार्गावरच्या गाडीत मी एकदा दोन लेकरं घेऊन चढले. धाकटी रडून लाल, थोरल्याला शू लागलेली. समोरच्या आजींनी नाव-गाव न विचारताच हात पुढे केले, "दे वं माय, मन्हाजोडे." अमळनेर गेलं, दोंडाईचा गेलं, पोरगी त्यांच्या ओच्यात गाढ. थोरल्याला कुणी केळं सोलून दिलं, कुणी खिडकी दिली. (परक्याकडून काही घ्यायचं नाही, हे मीच त्याला बजावून आणलं होतं.) नंदुरबारला आजी उतरल्या. लेकीचं लाळेरं त्यांच्या खांद्यावरच गेलं.