वस्तीच्या विहिरीची वही वस्तीनेच ठेवावी

पाणी नितळ दिसले की आपण ते पितो. तांब्याचा तळ दिसतो, वास येत नाही, चव गोड लागते. मग शंका कशाला घ्यायची? पण जुलाबाचे, काविळीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नायट्रेटला रंग नसतो, वासही नसतो. पाणी चांगले की वाईट हे मोजूनच कळते. म्हणून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या प्रत्येक वस्तीने स्वतःच्या विहिरीची, हातपंपाची आणि बोअरची नोंद स्वतः ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

हे दोन्ही तालुके पाण्याचे म्हणून ओळखले जातात. पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूला धो धो पाऊस पडतो. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्या इथल्याच. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि वडज ही चार धरणे जुन्नरमध्ये, तर डिंभे आंबेगावमध्ये. कुकडी प्रकल्पाच्या या पाच धरणांचे पाणी पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. तरीही उन्हाळा आला की डोंगराकडच्या वाड्यांवर हंडे घेऊन पायपीट सुरू होते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे रोज जगली जाते.

याचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे. इथला खडक लाव्हाच्या थरांचा, म्हणजे काळा पाषाण. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. डोंगरउतारावर माती पातळ असते, म्हणून पाऊस भरपूर पडूनही पाणी ओढ्याने वाहून जाते आणि उन्हाळ्याआधीच विहिरी तळाला जातात. खाली कालव्याच्या पट्ट्यात गोष्ट वेगळी. आवर्तन सुटले की विहिरी भरतात, बंद झाले की उतरतात.

या खडकाचा आणखी एक गुण लक्षात ठेवावा. शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचे पाणी एकसारखे असेलच असे नाही. एकीला भेग लागलेली असते, दुसरीला नसते. एकीच्या भेगेतून शेताचे पाणी येते, दुसरीच्या भेगेतून गटाराचे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. हे काम मोलाचे आहे. त्यावरून पाणलोटाचा कल कळतो. पण निरीक्षण विहीर गावाच्या वरच्या अंगाला असेल, तर तिच्या आकड्यावरून आपल्या विहिरीचे पाणी कसे आहे ते कळणार नाही.

आणि आपली वस्ती कुठे आहे? अनेक गावांत ती शिवेकडे, ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. ही जागा आपण निवडलेली नव्हती, जातीने ती आपल्याला नेमून दिली होती. गावाचे सांडपाणी उतारानेच येते. म्हणून ‘गावाचे पाणी ठीक आहे’ या एका वाक्यावर वस्तीने समाधान मानू नये. सरासरीत सगळ्यात आधी झाकला जातो तो कडेचा माणूस.

धोका दोन प्रकारचा आहे. पहिला जंतूंचा. पहिल्या पावसात उकिरडा, शौचालयाचा खड्डा, गटार यांतले पाणी विहिरीत उतरते. खड्डा आणि विहीर यांत साधारण १५ मीटर अंतर ठेवायला सांगतात, पण भेगाळ खडकात तेवढेही पुरे पडेलच असे नाही. यावर पाणी उकळणे आणि क्लोरीन हे खरे उपाय आहेत.

दुसरा धोका नायट्रेटचा. टोमॅटो, कांदा, द्राक्ष, ऊस या पिकांना दिलेल्या खतातला जो भाग पीक घेत नाही, तो पाण्याबरोबर खाली झिरपतो. सांडपाण्यातूनही नायट्रेट येते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झाल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊ शकते आणि बाळ निळे पडते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीननेही ते जात नाही. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणी देऊच नये. पावडरचे दूध द्यावेच लागत असेल, तर ते कालवण्याचे पाणी तपासलेले असावे.

काही जण म्हणतील, आता नळ आला, विहिरीचे काय एवढे? पण नळ येतो कुठून? अनेक ठिकाणी तो गावच्याच विहिरीतून येतो. आणि वीज गेली, मोटार जळाली की हंडा पुन्हा जुन्या हातपंपाखालीच लागतो.

मोजणी हे शिकलेल्या साहेबांचे काम, असे समजू नका. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा शिलालेख आहे. त्यावर वर्षही कोरले आहे: ४६. आपल्या पूर्वजांनी पाण्याची नोंद दगडावर ठेवली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा हक्क सिद्ध केला. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, देशाच्या नद्यांचा शास्त्रीय विचार करणारा केंद्रीय आयोग उभा राहिला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. बाबासाहेबांनी पाण्याचा हक्कही मागितला आणि पाण्याचे शास्त्रही उभे केले. आपण पहिले लक्षात ठेवले, दुसरे विसरलो.

मग करायचे काय? एक जाड वही घ्या आणि ती बुद्धविहारात ठेवा. दोरीला हाताहातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते महिन्याला लिहा. ओढा कोणत्या तारखेला आटला, आवर्तन कधी सुटले, वस्तीत जुलाब किती घरांत झाले, तेही लिहा. काही वर्षांत ही वही बोलू लागेल.

गावातील पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद जलजीवन मिशनमध्ये आहे. त्यांपैकी एक तरी भगिनी आपल्या वस्तीतली असावी, हा आग्रह ग्रामसभेत धरा. जंतूंसाठी वर्षातून दोनदा आणि रासायनिक घटकांसाठी एकदा नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. त्यात वस्तीच्या स्रोताचा नमुना वेगळा घेतला का, हे जलसुरक्षकाला विचारा आणि अहवालाची प्रत मागा. ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले असेल, तर त्या पाहणीच्या यादीत आपला हातपंप होता का, तेही पाहा.

पहिला नमुना वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास घ्या, तेव्हा पाणी सर्वांत खाली गेलेले असते. दुसरा वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला घ्या, तेव्हा विहीर भरलेली असते. निरीक्षण विहिरींची मे आणि ऑक्टोबरची मोजणीही याच सुमारास होते, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. ग्रामसभेत ‘आमचे पाणी खराब आहे’ असे म्हटले, तर ‘बघू’ असे उत्तर मिळते. तारीख आणि आकडा वाचून दाखवला, तर तो इतिवृत्तात लिहावा लागतो. तो लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.