सहा लाखांत जुनी मर्सिडीज : दारात पांढरा हत्ती बांधायचा की छोटा हत्ती?



स्वारगेटच्या आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न दर वेळी येतोच. धंदा जरा उभा राहिला, हातात चार पैसे खेळायला लागले की कुणीतरी विचारतं, "सर, पंधरा वर्षं जुनी ई-क्लास सहा लाखांत मिळतेय. छोट्या नव्या गाडीच्या भावात मर्सिडीज! क्लायंटवर छाप पडेल. घेऊ का?"

माझं मत सरळ सांगतो. धंद्याच्या पैशातून घेऊ नका. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा : जुन्या महागड्या गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. तुम्ही सहा लाख देता, पण गॅरेजमध्ये बिल येतं ते पन्नास लाखांच्या गाडीचं. तिचा पंप, तिचा गिअरबॉक्स, तिचे सेन्सर यांना माहीतच नसतं की मालकाने गाडी स्वस्तात घेतली आहे.

गाडी पुण्याची, पण सुटे भाग?

बरेच जण म्हणतात, "मर्सिडीज तर आपल्याच पुण्यात बनते." बरोबर आहे. कंपनी भारतात १९९४ साली आली, १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात ई-क्लास जोडायला सुरुवात झाली आणि २००९ मध्ये चाकणचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. पण शब्द नीट बघा : 'जोडायला'. महत्त्वाचे भाग बाहेरून यायचे, इथे त्यांची जुळणी व्हायची. त्यामुळे गाडी पुण्यात जोडली म्हणून तिचा पार्ट नाना पेठेत मिळेलच असं नाही. मारुतीचा वॉटर पंप सकाळी सांगितला तर संध्याकाळपर्यंत बसून मिळतो. इथे पार्ट मागवावा लागतो आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी. धंद्यात उभी गाडी म्हणजे खर्चच.

बिघडतं काय?

१. ब्रेक. २००६ च्या फेसलिफ्टआधीच्या ई-क्लासमध्ये विजेवर चालणारी 'सेन्सोट्रॉनिक' ब्रेक यंत्रणा होती. २००४ आणि २००५ मध्ये कंपनीने जगभरातून लाखो गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या आणि २००६ ला ही यंत्रणा ई-क्लासमधून काढूनच टाकली. गाडी बघायला गेलात तर पहिला प्रश्न हाच : कोणत्या वर्षाची?

२. एअर सस्पेन्शन. ज्या गाड्यांना हे आहे, तिथे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या असतात. रबर वयाने तडकतं, हवा गळते, मग हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की समजा, पिशवी गेली. वेळेत नाही बदलली तर कॉम्प्रेसरही जाणार.

३. कूलिंग. कूलंटची टाकी, पाइपांचे जोड, थर्मोस्टॅटचं घर, हे सगळं प्लॅस्टिकचं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. बीएमडब्ल्यूच्या काही सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनांमध्ये तर पाण्याचा पंपच विजेवर चालतो, तो बंद पडला की गाडी थांबवावीच लागते. स्वारगेटहून साताऱ्याला निघालात आणि कात्रजच्या चढावर काटा लाल झाला, तरीही गाडी रेटली, तर अ‍ॅल्युमिनियमचा हेड वाकतो. काही हजारांचं काम लाखावर जातं.

४. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. "याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही," असं विकणारा सांगेल. पण बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः साधारण ८० हजार ते सव्वा लाख किलोमीटरच्या आत ऑइल बदलायला सांगते. ते कधी बदललं याची पावती मागा. पावती नसेल तर बदललं नाही असंच धरा.

५. पाणी. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपल्या भागात कोण विसरेल? आंबिल ओढ्याला पूर आला आणि टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत गाड्या वाहून गेल्या, बुडाल्या. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचे कंट्रोल युनिट सीटखाली नाहीतर गालिच्याखाली असतात. पाणी बाहेरून सुकतं, आतले कनेक्टर मात्र हळूहळू गंजत राहतात. म्हणून गालिचा उचलून बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. माती सापडली तर तिथूनच नमस्कार करा.

कागदावरचा खर्च

विमा बघा. जून २०२२ च्या दरांनुसार १,५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये, तर १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६. फुल विमा घेतला तरी क्लेममध्ये रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. 'झिरो डेप' जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. वर पर्यावरण कर वेगळा.

आता धंदेवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार अशा प्रवासी गाडीचं इनपुट क्रेडिट आपल्यासारख्या दुकानदाराला मिळत नाही. गाडीचं नाही, दुरुस्तीचं नाही, विम्याचंही नाही. मालवाहू टेम्पोचं मात्र मिळतं. आयकरात गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे सहा लाखांवर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ९० हजार, तेही घरच्या वापराचा हिस्सा वजा करून. "टॅक्समध्ये वसूल होईल" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा आणि आपल्या सीएला विचारा.

तेच सहा लाख धंद्यात

समजा तुमचा माल वर्षातून सहा वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत १० टक्के सुटतात. सहा लाखांच्या मालावर वर्षाला ३ लाख ६० हजार झाले. भाडं, पगार वजा करा, तरी काहीतरी उरतं. किंवा त्याच पैशात टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती घ्या. तो माल पोचवेल, भाडं वाचवेल. पांढरा हत्ती नुसता खातो.

"पण सर, छाप?" पडते, मी नाकारत नाही. जमिनीच्या व्यवहारात, लग्नाच्या मोठ्या ऑर्डरमध्ये लोक गाडी बघतात. मग त्या दिवसापुरती ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या. पण ग्राहक दुसऱ्यांदा येतो तो माल वेळेवर मिळाला म्हणून. आणि छाप पाडायला घेतलेली गाडी क्रेनला टांगून जेधे चौकातून जाताना त्याच ग्राहकाने बघितली, तर काय छाप पडेल?

तरीही घ्यायचीच असेल तर

हौसेला मोल नाही, मान्य. फक्त हौस घरच्या खात्यातून करा, धंद्याच्या नाही. घेण्याआधी चार गोष्टी :

- चॅसिस नंबरवरून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास काढा.
- याच कंपनीच्या गाड्या करणाऱ्या गॅरेजात स्कॅन करा. विकणाऱ्याच्या ओळखीचं गॅरेज नको.
- गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन थंड असताना सकाळी बघायला जा. गरम इंजिन बरंच काही लपवतं.
- किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. सहाची गाडी तुम्हाला नऊला पडतेय असं समजा. नऊ नसतील, तर सहाचीही परवडत नाही.

हाच नियम जुन्या मशीनलाही लावा. बेकरीचा ओव्हन असो की प्रिंटिंग मशीन, भाव नंतर विचारा. आधी विचारा की पार्ट कुठे मिळतो, किती दिवसांत मिळतो आणि दुरुस्त करणारा पुण्यात कोण आहे. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर मशीन फुकट मिळालं तरी महागच.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी हिशोबाचा कोरा तक्ता दाखवलाय. तो वहीत उतरवा आणि तुमच्या मनातल्या गाडीचे आकडे स्वतःच्या हाताने भरा. मग घ्यायची की नाही, ते मला विचारायची गरजच पडणार नाही.