मोघम

हिवाळ्यात पहाटे धुके पडले की ताडोबाच्या जंगलातील रस्ता नीट दिसत नाही. आपण म्हणतो, 'रस्ता अस्पष्ट दिसतो.' 'रस्ता मोघम दिसतो' असे कोणी म्हणत नाही. मग मोघम म्हणजे काय? जे ऐकू येते, वाचता येते, पण ज्यातून नक्की काही कळत नाही, ते मोघम. उर्दूत अशा बोलण्याला तुम्ही 'मुबहम' म्हणता.

उन्हाळ्यात आपल्या भागात तेंदूपाने तोडतात. 'मजुरीचे पुढे बघू,' हे मोघम बोलणे. 'शंभर पुड्यांना इतके रुपये, अमुक दिवशी देऊ,' हे स्पष्ट बोलणे. पहिल्या बोलण्यावर मजुराला हक्क सांगता येत नाही.

कागदावरचा मोघम शब्द तर फार महाग पडतो. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या सहा जिल्ह्यांत अनेक जमिनींची नोंद 'झुडपी जंगल' अशी आहे. झुडूप म्हणजे उर्दूतील 'झाडी'. शब्द सोपा आहे. पण अशी जमीन गावाची, गुरे चारण्याची, की वनाची? नोंदीवरून ते नक्की कळेना. काही जमिनींवर घरे, शाळा, सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. कोठे कब्रस्तान झाले. १९८० साली वनसंवर्धन कायदा आला. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरता येईना. मग वाद वाढला. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच आहे, असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटलेल्या जमिनींसाठी मात्र केंद्राच्या मंजुरीचा मार्ग ठेवला. एका शब्दाचा अर्थ ठरायला इतकी वर्षे लागली! तोवर गावकऱ्यांना घराची खात्री नव्हती आणि जंगलाचीही नीट राखण झाली नाही.

काही लोकांना मोघम बोलणे शहाणपणाचे वाटते. पाहुण्याचे मन राखण्यापुरते ते ठीक आहे. पण मजुरी, जमीन आणि न्याय यांच्या बाबतीत मोघम शब्द नेहमी दुबळ्या माणसालाच बुडवतो, असे मला वाटते.

म्हणून मित्रांनो, कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी विचारा : कोणते? किती? केव्हा? कोणाचे? असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आणि स्वतः लिहाल तेव्हाही असे लिहा, की वाचणाऱ्याला हे प्रश्न विचारावे लागू नयेत.