वजनकांटा काय सांगतो?

अलीकडे घरोघरीं वजनकांटा आला आहे, आणि त्याच्यामागून आहार तोडण्याचें वेडही आलें आहे. आमच्या वरच्या वर्गांतील मुलेंही त्यांतून सुटलेलीं नाहींत. सोमवारीं भात व पोळी सोडावी, पुढल्या सोमवारीं कांट्यावर उभें राहावें आणि तीन किलो उतरलेले पाहून घरभर आनंद करावा. पुढें पंधरा दिवस कांटा हालेनासा झाला, म्हणजे आपला निश्चयच कच्चा असें समजून खिन्न व्हावें, किंवा त्याहून वाईट म्हणजे, रात्रीचें जेवणही टाकावें, असा क्रम आम्ही पाहतों. आमच्या मतें येथें निश्चयाचा कांहीं दोष नाहीं. तो आनंद आणि तो खेद, दोन्ही चुकीच्या हिशेबावर उभे आहेत.

हिशेब त्रैराशिकाचा आहे. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक सांठविलेले असतात. आठवड्यांत तीन किलो चरबी जावयाची, तर २३,१०० उष्मांकांची तूट पडली पाहिजे. म्हणजे रोज ३,३००. कचेरींत बसून काम करणाऱ्या बहुतेक गृहस्थांचा दिवसाचा एकंदर खर्चही इतका नसतो. सात दिवस निराहार राहूनही जें साधत नाहीं, तें भातपोळी सोडल्यानें कसें साधावें? रोज ५०० उष्मांकांची तूट पडत राहिली, तर एक किलो चरबी जाण्यास सुमारें पंधरा दिवस लागतात.

मग ते तीन किलो गेले कोठें? बव्हंशीं लघवीवाटे गेले. आपलें यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेन नांवाची साखरेची शिल्लक असते. प्रौढ माणसांत ती अर्ध्या किलोच्या आसपास भरते, आणि तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारें तीन ग्रॅम पाणी धरून ठेवितो. भातपोळी थांबली कीं शरीर प्रथम ही शिल्लक मोडतें, व तिच्यासवें असलेलें पाणी मोकळें होतें. शिवाय अशा वेळीं रक्तांतील इन्शुलिन उतरतें, मूत्रपिंडें मीठ अधिक टाकूं लागतात, आणि मिठामागून आणखी पाणी जातें. उलट, लग्नाच्या पंक्तींत लोणच्या-पापडावर ताव मारून आलें, कीं दुसऱ्या दिवशीं किलोभर वाढ दिसते. तिलाही चरबी म्हणण्याचें कारण नाहीं. स्त्रियांच्या व मोठ्या मुलींच्या अंगांत महिन्यांतील कांहीं दिवस पाणी अधिक राहतें, हें मातांनीं तरी ध्यानांत ठेवावें.

इ. स. २०२४ च्या ऑगस्टांत पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत विनेश फोगट यांच्या बाबतींत जें घडलें, तें वाचकांस आठवत असेल. ता. ६ रोजीं सकाळीं त्यांचें वजन ५० किलोंच्या आंत भरलें. दिवसांत तीन कुस्त्या जिंकल्या. मध्यें खाणेंपिणें झालें. संध्याकाळीं वजन मर्यादेच्या दोन किलोंहून अधिक वर गेलें. रात्रभर घाम गाळूनही ता. ७ च्या सकाळीं तें १०० ग्रॅम अधिक भरलें, आणि अंतिम सामना हुकला. एका दिवसांत दोन किलो चढणें व एका रात्रींत जवळजवळ तितकेच उतरणें, हें चरबीचें काम नव्हे. मोठे मल्लही हा खेळ वैद्यांच्या देखरेखीखालीं खेळतात, आणि तरीही तो घातक आहे असें आमचें मत आहे. शाळकरी मुलानें कुस्तीच्या वजनगटांत बसावें म्हणून पाणी तोडावें, हा तर निव्वळ वेडेपणा होय.

आतां चरबीचें शेंकडा प्रमाण दाखविणाऱ्या कांट्याविषयीं. हा कांटा चरबी मोजीतच नाहीं. एका पायांतून विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह सोडून दुसऱ्या पायांतून तो परत घेतो, वाटेंत विरोध किती झाला तें पाहतो, आणि उंची, वय व लिंग यांवरून चरबीचा अंदाज बांधितो. शरीरांतील खारट पाण्यांतून वीज सुलभ जाते, चरबींतून जात नाहीं. म्हणून पाणी आटलें कीं विरोध वाढतो, आणि कांटा चरबी वाढली म्हणून सांगतो. साध्या भागाकारानेंही तसेंच होतें. ६० किलोंच्या माणसांत १५ किलो चरबी, म्हणजे शेंकडा २५. दोन किलो पाणी गेलें व चरबी तितकीच राहिली, तर ५८ किलोंत १५, म्हणजे शेंकडा जवळजवळ २६. बिचारा अर्धपोटीं राहिला, आणि हातीं मात्र चरबी वाढल्याचा दाखला आला!

याहून भरंवशाची रीत आर्किमिडीजच्या सिद्धांतांतून निघते: शरीर हवेंत व पाण्यांत तोलून त्याची घनता काढणें. इ. स. १९४२ त अमेरिकन नौदलाचे डॉ. आल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी यांनीं फुटबॉल खेळाडूंची अशी परीक्षा केली. उंची-वजनाच्या कोष्टकानें जे स्थूल ठरत होते, त्यांतील पुष्कळांच्या अंगीं चरबी थोडीच निघाली. भार स्नायूंचा होता. घरच्या कांट्यास हा भेद कळत नाहीं.

ज्या प्रौढांस डॉक्टरांनीं वजन उतरविण्यास सांगितलें आहे, त्यांनीं आठवड्यांतून एकदां, ठराविक वारीं, सकाळीं शौचास जाऊन आल्यावर व कांहीं खाण्यापूर्वीं वजन करावें, आणि चार-सहा आठवड्यांचे आंकडे शेजारीं-शेजारीं मांडून मगच बरेंवाईट बोलावें. चरबीचा आंकडा एकाच कांट्यावरचा असेल तरच तुलनेस घ्यावा. मुलांची गोष्ट निराळी. त्यांचें वजन वाढावयाचेंच असतें, आणि डॉक्टरांस विचारल्यावांचून त्यांचा आहार तोडण्याचा अधिकार कोणासही नाहीं. शाळेच्या वैद्यकीय तपासणीचें पत्रक घरीं आलें म्हणजे पुष्कळ पालक वजनाचा रकाना वाचून मुलीकडे वर पाहतात. उंचीचा रकाना त्याच्या शेजारींच असतो, तो त्यांनीं आधीं वाचावा.