खेळ बनवणारी मुलं हवीत

मी इंजिनिअर झालो, आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. पण शाळेत संगणक शिकलो तो ‘सीपीयूचे पूर्ण रूप लिहा’ एवढाच. लॅबला कायम कुलूप असायचं.

आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांचं असं होऊ नये म्हणून आम्ही काही मित्र वाचनालयात दर रविवारी आठवी-नववीच्या मुलामुलींना व्हिडिओ गेम बनवायला शिकवतो. त्यासाठी ‘स्क्रॅच’ वापरतो. एमआयटी मीडिया लॅबने ते २००७मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले की प्रोग्राम तयार होतो. पडद्याच्या मध्यभागी शून्य, डावीकडे उणे २४०, उजवीकडे अधिक २४०. वहीत रुक्ष वाटणारे निर्देशक इथे मांजर कुठे उभं आहे ते सांगतात.

एका रविवारी एका मुलीचा गेम बिघडला. मांजराने सफरचंदाला स्पर्श केला की एक गुण मिळायला हवा होता. मिळत होते वीस-पंचवीस. “सर, माझं चुकलं,” म्हणत ती सगळं पुसायला निघाली. मी म्हटलं, “पुसू नकोस, शोध.” अर्ध्या तासाने तिलाच उमगलं. संगणक तीच अट सेकंदाला अनेकदा तपासतो, आणि तोवर मांजर सफरचंदावरच असतं. तिने स्पर्श होताच सफरचंद दुसरीकडे पाठवलं. गेम सुरळीत झाला. पाठ करून हे आलं नसतं.

आपल्याकडे चूक म्हणजे ओरडा, नाहीतर हसं. प्रोग्रामिंगमध्ये चूक हा रोजचाच कामाचा भाग. मीही दिवसभर तेच करतो. हे वयाच्या चौदाव्या वर्षी कळणं, माझ्या मते, भाषेच्या नियमांपेक्षा मोलाचं आहे.

पालक विचारतात, “आधीच मोबाइल सुटत नाही, त्यात हे कशाला?” त्यांची काळजी खरी आहे. पण दुसऱ्याने बनवलेला गेम खेळणं आणि आपला गेम बनवणं यांत फरक आहे. गेम आपल्याला कसा खिळवून ठेवतो, हे बनवणाऱ्यालाच दिसतं.

आणखी एक गोष्ट खटकली. एका संगणकावर दोघं बसली की माउस भावाच्या हाती आणि बहीण बघत बसलेली. आता नियम केलाय: दर पंधरा मिनिटांनी माउस बदलायचा, सुरुवात मुलीने करायची.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जण आयटीत आहेत. आठवड्याचे दोन तास आणि एक जुना लॅपटॉप काढा. जवळच्या शाळेत जाऊन एवढंच विचारा: लॅबची किल्ली कोणाकडे आहे?