सालसा शिकावा, हलगीही शिकावी

नांदेड-लातूरकडील पालकांपुढे सालसा नृत्याचे नाव काढले की अनेकांच्या कपाळावर आठी पडते. हे पाश्चात्त्य खूळ वसतिशाळेत कशाला, असे विचारले जाते. आमच्या मते ते शिकवावे. मात्र त्याच्या इतिहासासह.

ज्याला आपण पाश्चात्त्य म्हणतो, त्या नृत्याचे मूळ आफ्रिकेत आहे. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी लाखो आफ्रिकी माणसे क्युबात गुलाम म्हणून नेली गेली. तेथील गुलामगिरी १८८६ साली संपली. त्यांच्या ढोलांच्या तालातून व स्पॅनिश गाण्यांतून रुम्बा आणि सोन घडले. पुढे विसाव्या शतकात न्यूयॉर्कमधील क्युबन व प्वेर्तो रिकन वस्त्यांत सालसा हे नाव रूढ झाले. आठ मात्रांत सहा पावले, चौथ्या व आठव्या मात्रेला विराम आणि सोबतीला क्लावे या दोन काठ्यांचे पाच आघात, हा त्याचा कणा. क्युबातील रुम्ब्याला युनेस्कोने २०१६ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

ही कथा आपणांस परकी वाटू नये. हलगीही राबणाऱ्यांच्याच हातची. दलित वस्त्यांतील वाडवडिलांना ती गावकीच्या सक्तीने वाजवावी लागली. बाबासाहेबांनी अपमानाची कामे सोडण्यास सांगितले, ते योग्यच होते. परंतु सक्तीबरोबर तालही टाकून दिला, तर मुलांना क्युबाचा ढोल अभिमानाचा आणि घरची हलगी लाजेची वाटेल.

शीलाचा आक्षेपही घेतला जातो. नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहण्याचा नियम उपोसथाच्या अष्टशीलात व श्रामणेरांच्या दशशीलात आहे; गृहस्थांच्या पंचशीलात नाही. उपोसथाच्या दिवशी वर्ग बंद ठेवावा, इतकेच.

खरी अडचण मुलामुलींनी हात धरण्याची आहे, हे आम्ही जाणतो. पण या नृत्यात जोडीदाराला ओढायचे नसते. एकाने हलकी खूण करायची, दुसऱ्याने ती ओळखायची. विचारून हात पुढे करणे आणि नकार आल्यास नम्रपणे बाजूला होणे, हे मुलांनी शिक्षकांसमोरच शिकलेले बरे. ज्यांना संकोच वाटेल, त्यांना पावले एकट्यानेही शिकता येतात.

माजी विद्यार्थ्यांस आमची एकच विनंती आहे. सालसाचा शिक्षक शहरातून बोलवाल, तेव्हा शेजारच्या गावातील हलगीवादकालाही बोलवा आणि दोघांना सारखेच मानधन द्या.